ऊती : एका पाठाच्या निमित्ताने
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



प्रवेशाच्या दिवसांत पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, विज्ञान मराठीतून शिकून मुलांचे पुढे कसे होणार?" महाराष्ट्राबाहेर राहून मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्यांनी तो विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आज मी 'ऊती' या पाठातून देऊ इच्छिते.

विशिष्ट कार्यासाठी एकत्र आलेल्या, सारख्या रचनेच्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. झाव्हिए बिशा या फ्रेंच वैद्याने १८०१ च्या सुमारास, सूक्ष्मदर्शकाविना, केवळ शवविच्छेदनाच्या बळावर मानवी शरीरातील २१ ऊती वर्णिल्या. त्याने वापरलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ होतो विणलेले वस्त्र. आणि संस्कृतात 'ऊती' म्हणजेही विणणे! आज शरीरातील ऊतींचे चार मूलभूत प्रकार मानले जातात.

पहिली अभिस्तर ऊती. त्वचेचा वरचा थर, अन्नमार्गाचे अस्तर ही तिची रूपे. तिच्या पेशी एकमेकींना खेटून असतात. झीज सोसणे हेच तिचे काम असल्याने ती सतत नवी होते. लहान आतड्याचे अस्तर तर अवघ्या तीन ते पाच दिवसांत बदलते.

दुसऱ्या, संयोजी ऊतीत याच्या उलट स्थिती. येथे पेशी विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामधील आधारद्रव्यच महत्त्वाचे ठरते. ते द्रवरूप असेल तर रक्त, कॅल्शियमच्या क्षारांनी कठीण झाले तर अस्थी, लवचीक राहिले तर कास्थी. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच मोडलेले हाड सांधते, पण गुडघ्यातील झिजलेली कास्थी सहसा भरून येत नाही.

तिसरी स्नायू ऊती. हातापायांचे पट्टकी स्नायू आपल्या इच्छेने हलतात, आतड्यांचे अपट्टकी स्नायू आपल्याला न विचारता काम करतात आणि हृदयाचे स्नायू जन्मभर विसावा न घेता आकुंचन पावत राहतात.

चौथी चेता ऊती. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा एकेका चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. या पेशी एकदा नष्ट झाल्या की बहुतेक ठिकाणी पुन्हा निर्माण होत नाहीत. दुचाकीवर बसताना शिरस्त्राण का घालावे, याचे शास्त्रीय उत्तर येथे आहे.

पालकहो, 'अभिस्तर' हा शब्द मुलांनाही प्रथम अपरिचितच असतो. पण त्यातील 'स्तर' त्यांच्या ओळखीचा असतो, 'संयोजी'मधला 'संयोग' त्यांनी व्याकरणात पाहिलेला असतो. शब्दाचे बोट धरून मूल अर्थापर्यंत पोहोचते. पुढे इंग्रजी संज्ञा शिकण्याचे कष्ट खरेच पडतात आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच आम्ही माध्यमिक वर्गांत दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. समजलेल्या गोष्टीला दुसरे नाव देणे अवघड नसते. न समजता पाठ केलेले नाव मात्र परीक्षेनंतर टिकत नाही.

६० वर्षांच्या या वाटचालीत आज पहिलीच्या वर्गातील काही बाके रिकामी आहेत. माजी विद्यार्थ्यांत कोणी डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असाल. वर्षातून एक तास शाळेत या, आपल्या कामातील एक गोष्ट मुलांना मराठीतून समजावून सांगा. त्या दिवशी पालकांनाही वर्गात बसवू. माझ्यापेक्षा तुमचे उत्तर त्यांना अधिक पटेल.