'पुरे' कोणी म्हणावं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार, विद्वान नाही. जे वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. आज एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'पुरे'.

पंगतीत वाढणारा येतो. पोट भरलेला माणूस ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, 'पुरे'. हा शब्द जेवणाऱ्याचा आहे. वाढणाऱ्यानेच पातेलं झाकून 'पुरे आता' म्हटलं, तर तो हुकूम झाला. शब्द तोच, अर्थ उलटा! आमच्या आयाबहिणींचा शब्द आणखी वेगळा, 'पुरवणं'. पगार महिनाभर पुरवायचा, तेल पुरवून पुरवून वापरायचं. पण बाई पुरवते म्हणून घरात पुरेसं आहे, असं कोणी समजू नये.

धम्मात 'संतुट्ठी' आहे. महामंगल सुत्तात तिची गणना मंगलांत केली आहे, धम्मपदात तिला सर्वांत मोठं धन म्हटलं आहे. यावर काही लोक आम्हाला ऐकवतात, "तुमचे बुद्धच समाधान माना म्हणतात, मग मोर्चे कशाला?" त्यांना बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवलंय. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते स्पष्ट करतात, की संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणं नव्हे. ज्याला सीमा नाही अशा लोभाच्या आहारी जाऊ नये, हा त्याचा अर्थ.

लातूरचं २०१६ साल आठवा. मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाणी ५ लाख लिटर. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला संतुट्ठी शिकवायची होती काय? भरमसाट पाणी पिणारा ऊस त्याच जिल्ह्यातला, साखर कारखानेही तिथलेच. 'पुरे' तिथं म्हणायला हवं होतं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तीही दुसऱ्याने ठरवलेलं 'पुरे' मोडायलाच.

म्हणून लेकरांना दोन्ही शिकवा. कर्ज काढून लग्नाचा मांडव, दारू, दिखावा, इथं आपणच 'पुरे' म्हणा. शिक्षण, पाणी, मजुरी यांत दुसऱ्याने म्हटलेलं 'पुरे' ऐकू नका. हात आडवा धरायचा तो आपल्या ताटावर, दुसऱ्याच्या नाही.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!