नागेश्वराच्या वाटेवरचा तांबडा पट्टा



महाशिवरात्रीला खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून सह्याद्रीतल्या नागेश्वराच्या गुहेकडे माणसांची रीघ लागते. तुमच्यापैकी कित्येकांनी ती खडी चढण चढली असेल. आज मी त्या वाटेच्या पायाखालच्या दगडाबद्दल बोलणार आहे. सकाळी चोरवण्यातून निघून दुपारपर्यंत सह्याद्रीच्या धारेवर पोचणारा माणूस लाव्हाचे थर एकेक करून चढत असतो, आणि हे आपल्या मुलांना कुणीतरी डोंगरावर उभं राहून सांगायला हवं असं मला फार वाटतं.

ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारी आग डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे तसं झालं नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून आलेला लाव्हा दूरवर पसरत गेला, तापल्या तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा. तो थिजला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. झिजून झिजून आज जे उरलंय तेसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा थिजलेल्या लाव्हाचा साधारण सव्वा किलोमीटर काळा दगड भेदल्यावर कुठे खालचा ग्रॅनाइट लागला.

आता पुन्हा आपल्या वाटेवर येऊ. चोरवण्याची वाडी मागे पडली, पऱ्ह्या ओलांडला की समोरच्या डोंगराकडे नीट बघा. उभा कातळ, त्यावर झाडीची पट्टी, पुन्हा कातळ, पुन्हा झाडी. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग मात्र वाफा निसटताना सच्छिद्र झालेला. तो लवकर झिजतो, तिथे माती साठते, रान धरतं. वाटेतला एखादा फुटका दगड हातात घ्या. त्यात तिळाएवढी, वालाएवढी भोकं दिसतील आणि काहींत पांढरे स्फटिक चमकतील. लाव्हातल्या वायूंचे बुडबुडे होते ते. नंतर शतकानुशतकं पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत खनिजं बसली.

पण सह्याद्रीत मला सर्वांत जास्त थांबवतो तो दोन काळ्या थरांमधला तांबडा पट्टा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे तो छान दिसतो. कुठे वीतभर, कुठे कमरेएवढा. नखाने खरवडला तर विटेच्या चुऱ्यासारखी भुकटी हाताला लागते. लगेच वरचा दगड मात्र असा की त्याच्यावर हातोडाच उसळावा. हा पट्टा बहुतेक ठिकाणी जुन्या जमिनीचा आहे. एक उद्रेक थांबला, दगड उन्हापावसात कुजला, त्यातलं लोखंड गंजून माती लाल झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने ती जमीन गाडली, भाजली. वरचा प्रचंड काळा कडा घडायला लागला असेल त्याहून कितीतरी जास्त काळ त्या वीतभर मातीला लागला असावा. आपली नजर कड्यावर जाते, पण डोंगराचा बराचसा काळ त्या पट्ट्यात आहे. गडांवरची काही टाकी आणि डोंगरातले झरे अशाच थरांच्या आसपास सापडतात, कारण वरून झिरपलेलं पाणी चिकट मातीपाशी अडतं.

नागेश्वराच्या गुहेत पिंडीवर वरच्या खडकातून थेंब थेंब पाणी पडत असतं. भक्ताला तो अभिषेक वाटतो आणि तो आहेच. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला चिरा गेल्या. पावसाळ्यात मुरलेलं पाणी अशा चिरांतून सावकाश उतरत राहतं.

धारेवर आलात की पश्चिमेला कोकण एकदम खाली कोसळतं आणि पूर्वेला डोंगर उतरत कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत जातो. खाली कोकणात, रत्नागिरीकडचा आपला जांभा दगडसुद्धा याच कुळातला. भरपूर पावसाने काळा दगड कुजवून त्याचा जांभा केला, आणि त्याचेच चिरे आपण घराला लावतो. कोकणातल्याच तुरळ, अरवली, उन्हवऱ्याच्या झऱ्यांचं गरम पाणी बघून खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय असं लोक सांगतात. तसं नाही. भेगांतून खोलवर गेलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापून वर येतं, एवढंच.

नागेश्वराहून पुढे धारेने वासोटा किल्ल्याला जाता येतं. तिथला बाबूकडा हा कडा बघितलात तर थरांची ही सगळी उतरंड एका नजरेत येईल. तो भाग कोयना अभयारण्याचा आहे, वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते आणि रात्री मुक्काम करता येत नाही. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत जा, चोरवण्यातला वाटाड्या सोबत घ्या, पाणी खालूनच भरून घ्या आणि त्याच वाटेने परतायचं असेल तर दुपारी जेवण झाल्याबरोबर उतरायला लागा.