गोरेगावचे पाणी आणि गोरेगावच्या स्त्रिया

(स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय निघाला की कायदे, योजना आणि आरक्षण यांची चर्चा प्रथम होते. ती आवश्यकही आहे. परंतु एखाद्या वस्तीतील स्त्री सार्वजनिक जीवनात पहिले पाऊल टाकते, ते बहुधा कायद्याचे कलम वाचून नव्हे. घरातील रिकामा हंडा तिला उंबऱ्याबाहेर काढतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील गोरेगाव हे याचे बोलके उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात गोरेगाव हे धड खेडे नव्हते आणि धड शहरही नव्हते. पूर्वेस डोंगर आणि नव्याने उभी राहिलेली आरे दुग्ध वसाहत, पश्चिमेस खाडीकडे उतरत जाणारी सखल जमीन, आणि मधून रेल्वे. शहरात जागा न मिळालेली कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबे येथील चाळींत येऊन राहिली. पाठोपाठ कामगारांच्या झोपड्या आल्या. कारभार ग्रामपंचायतीकडे होता आणि लोकसंख्या मात्र शहराच्या वेगाने वाढत होती. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा गोरेगाव महापालिकेत आले. पंचायत गेली. ज्या कार्यालयात पायी जाऊन तक्रार नोंदविता येत असे, त्याच्या जागी लोकलचा प्रवास करून गाठावयाची बोरीबंदरासमोरची भव्य इमारत आली. हद्द वाढली म्हणून नळ लगेच वाढले नाहीत. मुख्य जलवाहिनीच्या टोकाशी असलेल्या वस्तीला दाब कमी मिळतो, हा पाणीपुरवठ्याचा साधा नियम. त्या टोकाशी गोरेगाव होते, आणि झोपडपट्टी तर त्या टोकाच्याही पलीकडे. कारण अनधिकृत वस्तीस नळजोडणी देता येत नाही, असे उत्तर तयार असे.

या वस्तीत मृणाल गोरे यांचे कार्य सुरू झाले. त्यांचा जन्म १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाल्यावर गोरेगाव हेच उभयतांचे कार्यक्षेत्र बनले. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार, ग्रामपंचायतीचे सदस्यत्व अशी ही वाटचाल होती. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले, तेव्हा मृणालताईंचे वय अवघे तीस होते. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी स्त्रियांना असे काही संघटित केले की ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनीच बहाल केले.

या नावामागचे काम नीट समजून घेतले पाहिजे. पुरुष कामावर गेलेला असताना नळाला पाणी येते किंवा येत नाही. दोहोंचा हिशेब स्त्रीलाच ठेवावा लागतो. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, कोणत्या चाळीच्या नळाला धार आली आणि कोणत्या नळाने नुसती हवा सोडली, ही माहिती कोणत्याही अभियंत्याच्या नोंदवहीपेक्षा नळावरच्या रांगेत अधिक अचूक असते. मात्र रांगेतील ज्ञान रांगेतच राहते. तेथे त्याचे रूपांतर बहुधा भांडणात होते. शेजारणीचा हंडा पुढे सरकविण्याऐवजी दोघींनी मिळून विभाग कार्यालयात जावयाचे, हा बदल घडवून आणणे हे खरे अवघड काम होते. हंडे घेऊन निघालेले मोर्चे वृत्तपत्रांत दिसले. त्याआधी घरोघर झालेल्या बैठका दिसल्या नाहीत. शासकीय अहवालांत महिला मंडळ म्हणजे शिवणयंत्र आणि पापड-लोणची असे समीकरण अनेक वर्षे रूढ होते. शिवणयंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दहा बायका एकत्र बसल्या की शिवण थांबून नळाची गोष्ट निघतेच, हे त्या समीकरणात कोणी धरले नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या महागाईत हाच अनुभव मुंबईभर पसरला. अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आणि मृणाल गोरे या निरनिराळ्या पक्षांच्या नेत्या महागाईविरोधी संयुक्त समितीत एकत्र आल्या. साखर, तेल, रॉकेल यांसाठी स्त्रिया थाळी आणि लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील वस्तूच निशाण झाल्यामुळे ज्यांनी कधी सभा पाहिली नव्हती, त्याही संकोच न करता आल्या. मृणालताई १९७२ मध्ये विधानसभेवर आणि, आणीबाणीतील कारावासानंतर, १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या.

पुढे पाण्यापाठोपाठ घराचा प्रश्न आला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरणारी जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, म्हणून नागरी निवारा परिषद उभी राहिली आणि दीर्घ लढ्यानंतर गोरेगाव-दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. १९८३ मध्ये संकटग्रस्त स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ सुरू झाले. नळाच्या रांगेत हलक्या आवाजात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना तेथे पहिल्यांदा टेबल-खुर्ची मिळाली. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या चळवळीस मृणालताईंनी विधानसभेत आवाज दिला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावर देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे.

या साऱ्या इतिहासात एक उणीव राहून गेली. नेत्यांची नावे उरली, गोरेगावात मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूलही आहे. परंतु रांगेतून उठून मोर्चात गेलेल्या शेकडो स्त्रियांपैकी फारच थोड्यांची नोंद कोठे सापडते. त्यांतील किती जणी पुढे स्वतः पदावर आल्या, असे विचारले तर उत्तर उत्साहवर्धक असणार नाही. त्या काळी स्त्रीसाठी राखीव जागा नव्हती. ती तरतूद महाराष्ट्रात १९९० मध्ये तीस टक्के अशी आली, १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला देशभर आधार मिळाला, आणि २०११ पासून राज्यात हे प्रमाण निम्मे झाले. अनधिकृत वस्तीस पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. गोरेगावच्या स्त्रिया पन्नास वर्षांपूर्वी जे मागत होत्या, त्यास न्यायालयाची मान्यता मिळण्यास इतका काळ लागला.

आजचे चित्र उलटे आहे. जागा आहे, खुर्ची आहे. मागे मंडळ असतेच असे नाही. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात. कागदोपत्री त्या असतातही. मात्र समितीची सभा सकाळी अकराला ठेवली, तर ज्या गावात पाणी त्याच वेळी येते तेथील सदस्या हंडा भरतील की सभेला येतील, याचा विचार सूचनापत्र काढणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने केलेला असतोच असे नाही. पाहुण्यांना चहा देण्यासाठी त्यांना बोलावले जाते आणि नोंदवहीवर सही मागाहून घरी जाऊन घेतली जाते, हे ठाऊक नसलेला पंचायत सदस्य या सभागृहात क्वचितच सापडेल. जुनी महिला मंडळे आपल्या सभा दुपारी, जेवणाची भांडी आवरल्यानंतर आणि मुले शाळेतून परतण्यापूर्वी भरवीत. ती वेळ कोणत्याही परिपत्रकाने ठरविली नव्हती. पुढच्या महिन्याच्या सभेचे सूचनापत्र अद्याप निघाले नसेल, तर त्यावरील वेळ घालण्यापूर्वी गावात नळ कधी सुटतो एवढे विचारून घेता येईल.