वर्गणी, वही आणि मंडळ

(नागापूर, जि. अहिल्यानगर येथील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



नागापूर आणि नागपूर ह्या दोन नावांत एका कान्याचे अंतर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जी धम्मदीक्षा झाली, ती लाखोंच्या समुदायाने एकत्र घेतली. परंतु दीक्षा घेऊन परतलेल्या कुटुंबाला दुसऱ्या दिवसापासून आपल्या गावातच राहावयाचे असते. लग्नकार्य, आजारपण, मयत, मुलांचे शिक्षण हे सारे तेथेच निभवावयाचे असते. जुने विधी सुटले की त्यांच्याबरोबर जुनी माणसेही थोडी दूर होतात. अशा वेळी कुटुंबाला हात देणारे कोण? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपले मंडळ होय.

गावात मंडळांची उणीव कधीच नव्हती. भजनी मंडळ आहे, तालीम आहे, उत्सवाचे मंडळ आहे, महिलांचे बचत गट आहेत. पण गावाची जुनी घडण पाहा. तेथे माणसाची जागा जन्माने ठरे. महार वतन हे त्याचेच उदाहरण होते. वतनाने माणसाला गावाशी जखडले आणि मोबदला मात्र तुटपुंजा दिला. ह्याच जिल्ह्यात, हरेगाव येथे, १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद भरली. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. वतन जन्माबरोबर गळ्यात पडत होते; मंडळाचे सभासदत्व आपण स्वखुशीने घेतो आणि स्वखुशीने सोडू शकतो. भावकीत वडीलधारा बोलतो, बाकीचे ऐकतात. मंडळात प्रत्येकाला एक मत असते. संघटना स्थापण्याचा हा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकास दिला आहे. शहरालगतच्या ह्या नागापुरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. कामाच्या निमित्ताने गाव सोडून आलेल्या कुटुंबाला येथे भावकी कोठून मिळणार? त्याला मंडळाचाच आधार.

आता मी वकील ह्या नात्याने आपणांस थोडे कटू वाटेल असे सांगणार आहे. आपली कित्येक मंडळे एप्रिलमध्ये जागी होतात आणि मे महिन्यात झोपी जातात. जयंतीची वर्गणी जमते, मिरवणूक निघते, आणि हिशेब कोणाच्या तरी खिशातील चिठ्ठीवर राहतो. त्याहून गंभीर गोष्ट जागेची आहे. वस्तीतील चार माणसे पै-पै साठवून विहारासाठी जागा घेतात. मंडळाची नोंदणी झालेली नसते, म्हणून खरेदीखत एखाद्या विश्वासू गृहस्थाच्या नावाने होते. तो गृहस्थ प्रामाणिक असतो, ह्यात शंका नाही. परंतु प्रामाणिकपणा वारसाहक्काने मिळत नाही; जमीन मात्र मिळते. त्याच्या पश्चात सात-बाऱ्यावर मुलांची नावे लागतात, आणि ज्यांच्या घामाच्या पैशाने विहार उभा राहिला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते. तेथे न्यायाधीश कागद मागतो. वर्गणीदारांजवळ आठवणी असतात, कागद नसतो.

ह्यावर उपाय आहे, आणि तो गरिबालाही परवडणारा आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. त्याच संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय कार्यालयात होते. मग जागा मंडळाच्या नावाने घेता येते. अशी जागा विकावयाची झाल्यास कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून ती विकली जात नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. नोंदणी झालेली नसताना उत्सवापुरती वर्गणी गोळा करावयाची असेल, तरी कलम ४१ क प्रमाणे परवानगी घेणे आवश्यक आहे. हा त्रास म्हणू नका. हे आपल्या पैशाला लावलेले कुलूप आहे.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा आली. प्रत्येक कार्याला त्यांनी संस्थेचे रूप दिले, म्हणून ती कार्ये त्यांच्यामागेही चालू राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले की, भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान ह्यांचे नियम ठाऊक होते. तेव्हा सभेची वही नीट ठेवणे हे परक्यांचे अनुकरण नव्हे. तो आपलाच वारसा आहे.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश झाला. गावाने आपल्यावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तो स्पष्टपणे गुन्हा आहे. एकटे कुटुंब फिर्याद देण्यास कचरते. त्याच्याबरोबर मंडळाची दहा माणसे ठाण्यात गेली, तर त्याला धीर येतो. पण लक्षात ठेवा, कायदा आपल्यालाही बांधतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून अंमलात आहे. वर्गणी दिली नाही, अथवा मुलीने मनाप्रमाणे लग्न केले, म्हणून आपल्याच मंडळाने एखाद्या घराला वाळीत टाकले, तर त्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्यांनी बहिष्कार सोसला, त्यांनीच तो उगारावा ह्यापरते दुर्दैव कोणते?

म्हणून आपल्या मंडळाकडे डोळसपणे पाहा. सारी पदे एकाच आडनावाची झाली असतील, तर ते मंडळ राहिले नाही. ती पुन्हा भावकीच झाली. भगिनींच्या वाट्याला केवळ भोजनाची व्यवस्था येत असेल, तर खजिनदारपद त्यांना द्या. बचत गटात पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या हातांना मंडळाची वही जड जाणार नाही. पोटजातीचा प्रश्न सभासदत्वाच्या अर्जात येऊ देऊ नका.

आजच काही मोठे करा असे माझे म्हणणे नाही. सात माणसे बसा, त्यांत निदान तीन स्त्रिया असू द्या. एक वही आणा. पहिल्या पानावर मंडळाचा उद्देश लिहा, दुसऱ्या पानावर जमाखर्च. महिन्यातून एकदा ती वही सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवा. आणि विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे, हे उद्याच तलाठ्याकडे जाऊन पाहा. ज्यांच्या नावावर ती आहे ते गृहस्थ हयात आहेत तोवरच ती मंडळाच्या नावाने करून घ्या.

जयभीम.