ऐकून घेणारा कान
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने निकाल, हजेरी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांविषयी बोलावे, अशी रीत आहे. ते मुख्याध्यापक सांगतीलच. मला आज अशा विषयावर बोलायचे आहे, ज्याचा उच्चार आपल्या घरांत आवाज खाली करून होतो. आत्महत्येचा विचार मनात आलेल्या माणसाला मदत कोठे मिळते, आणि ती मिळेपर्यंत घरच्यांनी काय करावे, हा तो विषय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. देशभरातल्या या मृतांत विद्यार्थी होते १३,०४४. आपल्या निफाड तालुक्यातील बहुतेक गावांची वस्तीसुद्धा एवढी नाही, म्हणजे एक भरलेले मोठे गाव एका वर्षात रिकामे झाले असे समजा. त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत. "आपल्यात असे होत नाही," असे जे आपण म्हणतो, ते खरे नाही. होते, पण सांगितले जात नाही.

विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य लगेच येते, "हराम आहे." हराम आहेच, त्यात दुमत नाही. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत ही मनाई आहे. परंतु त्याच आयतीचा शेवट अल्लाहच्या रहमतीच्या उल्लेखाने होतो, हे मात्र आपण पुढे सांगत नाही. मनाई आहे ती जीव वाचावा म्हणून. दुःखी माणसाने तोंड उघडू नये, असा तिचा अर्थ कोणी लावला? हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या वियोगात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांचा ईमान कच्चा होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? हजरत मरियम यांनी प्रसूतीच्या वेदनेत, याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे उद्गार काढल्याचे सूरह मरियममध्ये आले आहे. त्यावर त्यांना दटावले गेले नाही. दिलासा मिळाला, पायाशी पाण्याचा झरा मिळाला, खायला ताजी खजूर मिळाली. आपल्या मुलीने असे काही तोंडून काढले तर आपण आधी काय देऊ? पाणी की थप्पड? ज्याने त्याने आपल्या घरापुरते उत्तर द्यावे.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. एखाद्या घरात असे घडले की जनाजाची नमाज होणार की नाही, याची कुजबुज सुरू होते. हनफी फिकहप्रमाणे ही नमाज पढली जाते, आणि बहुतेक इमामांचे मतही तेच आहे. शंका असेल तर आलिमांना विचारावे, पण मयताच्या दारात उभे राहून चर्चा करू नये. जो गेला त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे. मागे उरलेली त्याची आई, भाऊ, बायको यांच्या जिवालाही अशा वेळी धोका असतो, हे डॉक्टर सांगतात. त्यांना एकटे पाडणे हा त्यांच्यावर दुसरा घाव आहे.

आता मदतीच्या फोनविषयी. ही कल्पना कशी निघाली, ते ऐकण्यासारखे आहे. १९३५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे चॅड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला आपल्या सेवेतला पहिलाच दफनविधी एका चौदा वर्षांच्या मुलीचा करावा लागला. तिला पाळी सुरू झाली होती. हा काही भयंकर रोग जडला, अशा समजुतीने तिने जीव दिला. विचारायला तिला कोणी नव्हते. (आया-बहिणींनी हे वाक्य घरी जाऊन पुन्हा आठवावे.) पुढे २ नोव्हेंबर १९५३ रोजी व्हारांनी लंडनमधील आपल्या चर्चमध्ये अशा माणसांसाठी एक फोन ठेवला. गर्दी वाढली. भेटायला आलेल्यांना त्यांच्या खोलीबाहेर थांबावे लागे, म्हणून काही साध्यासुध्या स्वयंसेवकांना चहा देण्यासाठी आणि सोबतीसाठी बसवले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आले की पुष्कळ माणसे चहा देणाऱ्यांशी बोलून, हलकी होऊन, त्यांना न भेटताच घरी जात आहेत! उपदेश करणारा आत बसला होता आणि इलाज बाहेरच्या बाकावर होत होता. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते काम या स्वयंसेवकांच्याच हाती सोपवले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. आम्हा शिक्षकांना आणि मौलाना मंडळींना यात शिकण्याजोगे बरेच आहे, कारण आम्हाला बोलण्याची सवय फार.

नंतर हे काम देशोदेशी पसरले. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६३ साली 'लाइफलाइन' सुरू झाली, जपानमध्ये १९७१ साली 'इनोची नो देन्वा', म्हणजे जीवनाचा फोन. ब्रिटनमधील मुसलमान तरुणांनी २००१ साली 'मुस्लिम यूथ हेल्पलाइन' काढली, कारण घरातली कुचंबणा ज्याला समजावून सांगावी लागत नाही असा ऐकणारा त्यांना हवा होता. आपल्या देशात डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत 'स्नेहा' स्थापन केली. महाराष्ट्रात नवी मुंबईची 'आसरा' १९९८ ची, पुण्याची 'कनेक्टिंग' २००५ ची, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ ची.

एवढी नावे लक्षात राहणार नाहीत. म्हणून एकच क्रमांक लिहून घ्या, १४४१६. हा केंद्र सरकारचा 'टेली-मानस'. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. रात्री-अपरात्री, सणासुदीला केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, नाव सांगण्याची सक्ती नाही. भाषा निवडता येते. मराठी आहे, हिंदी आहे, उर्दूही आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतो. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ फिरवावा, किंवा थेट दवाखाना गाठावा. नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार होतात.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी थोडे. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, संयुक्त अरब अमिरातीत ८००४६७३, कतारमध्ये १६०००. क्रमांक कधी बदलतातही, म्हणून मुलगा विमानात बसण्यापूर्वी त्या देशाचा क्रमांक ताजा तपासून, भारतीय दूतावासाच्या क्रमांकाबरोबर त्याच्या मोबाईलमध्ये घालून द्यावा. आखातात एका खोलीत आठ-आठ जण राहणारा मुलगा घरी फोन करून "सब ठीक है" एवढेच सांगतो, कारण इकडे बहिणीचे लग्न आणि घराचा हप्ता त्याच्या पगारावर टेकलेला असतो.

पोलिसांची भीती अनेकांना असते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली प्रयत्न करणाऱ्यालाच शिक्षा होती. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते कायम ठेवले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेलेच नाही. दवाखान्यात नोंद होईल, कदाचित जबाबही घेतील. त्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

आपला तालुका द्राक्षांचा आणि कांद्याचा. अवकाळी पाऊस, गारा आणि लासलगावचा कोसळलेला भाव यांचा मार शेतमालकाइतकाच छाटणीला जाणाऱ्या मजुराला आणि गाडी भरणाऱ्या हमालाला बसतो, आणि आपल्यातले बरेच जण तेच काम करतात. शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी. नाशिक त्यात नव्हते. बागायती भाग म्हणजे सुखी भाग, असा हिशेब झाला असावा! ज्यांच्या घरी फवारणीची औषधे असतात त्यांनी ती राहत्या घरात ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे द्यावी. हा सल्ला किरकोळ वाटेल. पण श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण खूपच खाली आले. लहर बहुधा काही काळाची असते. तेवढा वेळ हाताशी साधन नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे आयुष्य जगतात.

पालकांनी विचारावे कसे? सरळ विचारावे. मुलगा जेवत नाही, झोपत नाही, मित्र तोडले, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकली, "माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास" असे म्हणू लागला, तर बाजूला घेऊन म्हणावे, "बेटा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट दडपण उतरते. उत्तर 'हो' आले तर ओरडू नये, कसम घालू नये, शेजारच्या हुशार मुलाचे उदाहरण तर मुळीच देऊ नये. ऐकावे, त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच्याजवळ बसूनच १४४१६ लावावा. पालकाने स्वतःसाठी लावला तरी चालतो.

निकालाच्या दिवसांत विशेष जपावे. राज्य मंडळ २०१५ पासून दहावीच्या नापास मुलांची फेरपरीक्षा निकालानंतर लवकरच घेते. वर्ष वाया जात नाही. विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्या अब्बांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा. आणि एखाद्या दोस्ताने "कोणाला सांगू नकोस" म्हणून असे काही सांगितले तर तेवढे एक गुपित तोडा. तो चार दिवस रागावेल.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती आहे. फोन आहे, क्रमांक आहे, पण आपल्या कितीतरी मुलींच्या हाती मोबाईल नाही, आणि घरात मोबाईल असला तरी बोलायला कोपरा नाही. दोन खोल्यांत सात माणसे, मुलीने दबक्या आवाजात फोन केला की दहा प्रश्न. तेव्हा शाळेतील शिक्षक-खोलीशेजारची, जुन्या नकाशांची जी खोली आहे, तीत एक फोन, एक खुर्ची आणि दारावर पडदा एवढी सोय करावी. दाराला आतून कडी नको. एक शिक्षिका बाहेर बसेल, पण कोणाला फोन केला हे विचारणार नाही आणि वहीत नाव लिहिणार नाही. खर्च फार नाही. गॅदरिंगच्या मांडवाच्या खर्चातही तो निघेल.

नकाशे हलवायला मी आणि नववीची मुले येत्या रविवारी येऊ. कोणा पालकांना वेगळे काही विचारायचे असेल तर मी मगरिबपर्यंत इथेच, मागच्या वऱ्हांड्यात आहे. खुदा हाफिज.