वळण्यापूर्वीची जागा



वाहन वळविण्याची क्रिया चाक फिरविल्यापासून सुरू होते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती त्याच्या कितीतरी आधी, रस्त्यावर आपण कोणत्या बाजूस आहोत हे ठरविण्यापासून सुरू होते. आज त्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

आमच्या बऱ्हाणपुरास निजाम आसफजाहाने १७३१ साली तट बांधविला. तटाच्या आतील रस्ते माणसे, घोडे आणि बैलगाड्या यांच्या बेताने पडलेले. त्याच रस्त्यांवरून आज बुधवाऱ्यात मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि सुताचे टेम्पो यांची दाटी होते. तेथे पट्टे आखलेले नसतात, म्हणून मार्गिकेचा नियमही नाही, असे समजून चालणारे अनेक आहेत. परंतु पट्टा रस्त्यावर नसेल, तर तो चालकाच्या मनात असावयास हवा.

आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. बाकीचे सारे यातूनच निघते. डावीकडे वळणाऱ्यास समोरून येणाऱ्यांची वाट छेदावी लागत नाही. त्याने आधीपासून डाव्या कडेस यावे आणि नव्या रस्त्याच्याही डाव्याच कडेस लागावे. उजवीकडे वळणाऱ्यास मात्र समोरचा प्रवाह ओलांडावा लागतो. त्याने प्रथम मागे पाहावे, खूण करावी, आणि आपल्याच अर्ध्या भागात राहून रस्त्याच्या मध्याजवळ यावे. म्हणजे सरळ जाणारे त्याच्या डावीकडून निघून जातात. मग समोरच्यांना वाट देऊन, चौकाचा मध्यबिंदू आपल्या उजव्या हाताशी ठेवून, त्याच्या पलीकडून वळावे. १९८९ च्या केंद्रीय रस्तानियमांत हीच रीत सांगितली होती. २०१७ साली त्यांच्या जागी नवे विनियम आले, तरी तत्त्व तेच राहिले.

डाव्या कडेवरून एकाएकी उजवीकडे वळणारा मनुष्य समोरच्यांच्याच नव्हे, तर आपल्या मागून येणाऱ्यांच्याही आडवा जातो. बऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव आहे. मागावर एक धागा जागा सोडतो, तेव्हा शेजारचे धागेही गुंततात, हे येथे कोणास सांगावयास नको.

मी शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर सायकलीवरून निघणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. लांब मालमोटार वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात. म्हणून डावीकडे वळण्यापूर्वी ती कधी कधी उजवीकडे सरकते आणि डावीकडे मोकळी जागा दिसते. ती जागा फसवी असते. तिच्यात शिरू नये, मागेच थांबावे.

आणि योग्य बाजूस येण्याची संधी हुकलीच तर? सरळ पुढे जावे आणि पुढच्या चौकातून फिरून यावे. त्यात थोडा वेळ जाईल, एवढेच.

स्वीडन देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी, एका पहाटे, डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली. बाजू कोणती यापेक्षा ती सर्वांनी एकच मानावी, याला महत्त्व असते. चालकाने आपली जागा वेळेवर घेतली, की तो कोठे वळणार हे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लहान मुलासही न विचारता कळते.