चिठ्ठी भिशीची आणि चिठ्ठी लॉटरीची

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लॉटरीचं तिकीट परवडतं का, असं बैठकीत विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. ‘दहा रुपयांनी काय होतंय? लागली तर लागली.’ आणि ‘त्याच्या पैशाबद्दल आम्ही काय बोलणार?’ आज ही दोन्ही उत्तरं तपासून पाहू.

आधी दहा रुपये. आपली भिशी आठवा. बाराजणी दरमहा पाचशे रुपये काढतात, चिठ्ठी निघते, सहा हजार एकीला मिळतात. वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. पाळी कुणाची आधी, एवढंच चिठ्ठी ठरवते. रुपया कुणाचाच बुडत नाही.

लॉटरीतही चिठ्ठीच निघते. समजा, पाच आकडी नंबरांची एक लाख तिकिटं आहेत, दहा रुपयांना एक. जमले दहा लाख. त्यातून कर, विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सरकारचा वाटा गेला आणि बक्षिसांना पाच लाख उरले. आता सगळी तिकिटं एकटीनं घेऊन सगळी बक्षिसं घरी आणली, तरी पाच लाखांची खोट! जास्त तिकिटं घेऊन ही खोट भरून निघत नाही, वाढत जाते. आणि रोज एक तिकीट घेतलं, तर एक लाख तिकिटं घ्यायला जवळजवळ २७४ वर्षं लागतील.

यात सरकारची कमाई मात्र ठरलेली. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. दहा हजारांवरचं बक्षीस लागलं, तर त्यातून ३० टक्के आयकर आधीच कापतात. लॉटरीनं घरं बुडतात हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर १९९८च्या केंद्रीय कायद्यानं एकआकडी लॉटरीला बंदी घातली आणि एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच, असं बंधन घातलं. तमिळनाडूनं २००३ साली लॉटरी बंदच केली.

आता ‘त्याचा पैसा’. रोज वीस रुपये म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. मी वस्तीत काम करते तिथे हे पैसे कुठून येतात ते दिसतं. रेशन उधारीवर येतं, मुलीची फी थकते, बाई आणखी एका घरची धुणीभांडी धरते. खोट तिच्या कष्टातून भरली जाते, मग पैसा एकट्या त्याचा कसा?

तिकीट घेणाऱ्या बायाही आपल्यात आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. आजारपणाला आधार नाही, म्हातारपणी पेन्शन नाही, घर स्वतःचं नाही, तिथे माणूस नशिबाकडे बघणारच. पण ही आशा आपल्यालाच विकून आपलेच पैसे नेले जातात, हे ओळखा.

तेव्हा एक करा. महिनाभर घरातल्या तिकिटांचा खर्च गटाच्या वहीत लिहा, घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यापासून गटात भरायचा आग्रह धरा. भांडण होईल, तेव्हा एकटीनं बोलू नका. आपण सगळ्या सोबत येऊ.